मोहरी कुलातील पर्णपृष्ठलक्षणे

मोहरी कुलातील, म्हणजे क्रुसिफेरी किंवा ब्रॅसिकेसी कुलातील, वनस्पतींची जात व वंश ठरविताना पानाच्या अपित्वचेवरील ज्या सूक्ष्म खुणांची साक्ष काढली जाते, त्या त्वग्रंध्रे, केस व मेणाचा लेप यांस पर्णपृष्ठलक्षणे म्हणतात. या कुलाची रूढ ओळख चार पाकळ्यांचे फूल, चार लांब व दोन आखूड केसर आणि सार्षपक नावाचे शेंगेसारखे फळ यांवरून होते. परंतु फुले एकमेकांसारखी इतकी की केवळ त्यांवर विसंबून वंश वेगळे करणे अवघड जाते, आणि धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात मोहरीचा फुलोरा थंडीच्या थोड्या आठवड्यांपुरताच हाती लागतो. पान मात्र त्याआधीही असते व नंतरही.

त्वग्रंध्रांची रचना या कुलात विशेष ठाशीव आहे. रंध्राच्या दोन रक्षक कोशिकांभोवती तीन साहाय्यक कोशिका असून त्यांपैकी एक इतर दोघींहून स्पष्टपणे लहान असते. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हेस्क यांनी १८८९ मध्ये या प्रकारास या कुलाचेच नाव दिले. पुढे मेटकाफ व चॉक यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात त्यास ‘असमकोशिक’ या अर्थाची संज्ञा योजिली. हा बदल उचितच होता, कारण हीच रचना वांगी-बटाट्याच्या कुलात आणि पानफुटीच्या कुलातही आढळते. मोहरी, मुळा, कोबी यांची रंध्रे या बाबतीत सारखीच असल्याने रंध्र कुलाविषयी बोलते. जातीविषयी त्याचे मौनच असते.

जातीविषयी बोलतो तो केस. मोहरीच्या व मुळ्याच्या पानांवरील केस साधे, अशाखित व राठ असतात. अ‍ॅराबिडॉप्सिसचा एककोशिक केस बहुधा तीन फाट्यांचा असतो. एरिसिममचे केस मध्यावर चिकटलेल्या दुबाहू काटक्यांसारखे पडून राहतात. अमेरिकेतील फिसारियाचे केस ताऱ्याप्रमाणे फुलतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांनी १८९१ मध्ये या कुलाची मांडणी करताना केसांना मोठा मान दिला, व त्याबद्दल पुढे त्यांच्यावर टीकाही झाली. २००६ मधील रेणवीय अभ्यासाने असे दाखविले की शाखित केस या कुलात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवले असावेत. अर्थात केसांचे साम्य दिसले म्हणून नाते सिद्ध झाले, असे मानता येत नाही. तरीही जवळच्या जाती निवडताना दहापट भिंग व केस यांइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

मेणाचा लेप कोबीच्या पानास निळसर राखी छटा देतो. पण तो वय, ऊन व पाण्याची तूट यांनुसार बदलतो, म्हणून त्याची साक्ष जपूनच घ्यावी. रंध्रांची दर चौरस मिलिमीटरची संख्याही अशीच चंचल आहे. तिच्या जागी, सर्व अपित्वचा-कोशिकांत रंध्रांचे शेकडा प्रमाण दाखविणारा, सॉल्झबरी यांनी १९२७ मध्ये सुचविलेला रंध्रनिर्देशांक अधिक भरवशाचा ठरतो. तो काढण्यास पानावर नखपॉलिशाचा पातळ थर देऊन वाळल्यावर सोलून काढलेला ठसा पुरतो.

या खुणांची गरज परंड्यात कोठे पडते, हे पाहताना आधी तेथील वनस्पतींच्या नोंदी पाहाव्या लागतात. परंडा तालुका पूर्वी निजामाच्या मुलखात होता, शेजारचे बार्शी व करमाळा मात्र मुंबई इलाख्यात. त्यामुळे कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाची कक्षा ही सरहद्द येताच संपली, जणू झाडांनीही जमाबंदीचे दप्तर पाहूनच रुजावे! ही उणीव वि. ना. नाईक यांच्या १९७९ च्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतिग्रंथाने भरून काढली. या भागात कुलातील रानटी जाती अगदी थोड्या. मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, हळीव अशी लागवडीची मंडळीच अधिक. ओळखण्यातील घोटाळ्याचे कारण त्यांच्या आप्तकुलातून येते. पिवळ्या तिळवणीस चार पिवळ्या पाकळ्या व लांब शेंग असते. तिचे तीन-पाच पर्णिकांचे पान शेतकरी दुरूनच ओळखतो. पण पाने चुरगळून गेलेला वाळका नमुना पुढे आला, तर तिचे चिकट, बहुकोशिक ग्रंथिल केस आणि निश्चित साहाय्यक कोशिका नसलेली बहुतेक रंध्रे यांवरून खातरजमा होते; त्यासाठी कोमट पाण्यात भिजवलेला नखाएवढा तुकडाही पुरे होतो.