विडी एकाची, धूर साऱ्या घराचा



जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पुरुष मंडळी घरी असतात. पडवीत जाळी दुरुस्त करायचं काम चालतं आणि सोबतीला विडी. बाहेर पाऊस, म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. त्याच घरात दहावीची मुलगी अभ्यासाला बसते. आपण काही बोललो की उत्तर येतं, "माजी विडी, तुमका कसलो त्रास?"

हा प्रश्न जुना आहे. त्याचं उत्तर कसं सापडलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

तंबाखू मूळची आपली नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा सरदार ती विजापुराहून अकबराच्या दरबारात घेऊन गेला. ही वस्तू बादशहाला बाधेल का, यावर तिथे वाद झाला. पण तो ओढणाऱ्याच्या प्रकृतीचा वाद. शेजारी बसणाऱ्याचा विचार व्हायला पुढे पावणेचारशे वर्षं लागली.

तो विचार पुढे आला बायकांमुळे. जपानमधले डॉक्टर ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं नोंद ठेवली. नवरा दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढत असेल, तर बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट, असं त्यांना दिसलं. हे छापून आलं जानेवारी १९८१ मध्ये. त्याच वर्षी १ मे रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. सिगारेट कंपन्यांनी त्या आकड्यांवर खूप शंका घेतल्या, पण इतर देशांतल्या अभ्यासांतूनही धोका दिसत गेला.

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, कचेऱ्या, बस, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली कायदा आला आणि २००८ च्या गांधीजयंतीपासून नियम अधिक कडक झाले. आज एसटीत कुणी विडी पेटवली तर त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा कायदा आपल्या उंबरठ्याशी थांबतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभरातल्या सुमारे ३९ प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता.

आता मुलांकडे वळू. २०११ साली अमेरिकेत ८ ते १५ वर्षांच्या सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूर पोटात गेल्याची खूण रक्तात तपासली होती. ज्यांच्या रक्तात ती जास्त, त्यांच्यात उदासी, सततची काळजी, लक्ष न लागणे ही लक्षणंही जास्त दिसली. धुरामुळेच मन आजारी पडतं, असं एवढ्यावरून ठरत नाही. पैशाची ओढाताण, भांडणं, दारू यांचाही मुलांच्या मनावर भार असतो. पण त्या सगळ्यांत धूर आजच थांबवता येतो.

खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. पडवीतला धूर माजघरात येतोच. म्हणून भांडण न करता एवढंच म्हणूया, "अहो, विडी ओढायची तर खळ्याच्या पलीकडे, पावसात छत्री घेऊन." सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि मूल गप्प झालं, झोप उडाली, जेवण तुटलं, तर "वयच तसं आहे" म्हणून सोडू नका. जवळ बसून विचारा. १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एकच ठराव करूया : आमच्या घरात धूर नाही. जपानच्या त्या बायकांनी आपल्याला उत्तर मिळवून दिलं आहे. ते घरात सांगायचं काम आता आपलं.