हृदयावरील पहारा : कुलाबा-रायगड जिल्ह्यातील हृदयनिरीक्षणाच्या इतिहासासंबंधी काही विचार

रुग्णालयात हृदयाच्या स्पंदनांवर नजर ठेवण्याचे काम करणारा तंत्रज्ञ वैद्यकाच्या लिखित इतिहासात जवळजवळ अनुपस्थित आहे. शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव राहते, निदान करणाऱ्या डॉक्टरचे नाव राहते. परंतु रुग्णाच्या छातीवर विद्युदग्रे बसविणारा, पट्टीवर उमटलेली रेषा खरी की खोटी हे ओळखणारा आणि रात्रभर तिच्यासमोर बसणारा मनुष्य नोंदींतून गळून पडतो. ह्या उपेक्षेमुळे त्याच्या कामाचा इतिहास हा उपकरणाचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. प्रथम यंत्र आले, मग ते चालविण्यासाठी माणूस आला, असा त्याचा क्रम मानण्यात येतो. लायडन, लंडन वा मुंबई ह्या शहरांपुरता तो क्रम बरोबर असेल. पूर्वीचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड, ह्या जिल्ह्याचा पुरावा मात्र निराळा आहे. येथे पहारा आधी उभा राहिला. त्याचे वेळापत्रक, त्याची लक्षणे आणि त्याची शिस्त ही यंत्राच्या अभावीच ठरली.

ह्या विधानाचा अर्थ कळण्यासाठी जिल्ह्याची वाट लक्षात घेणे अवश्य आहे. मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडून मुंबईस नेला जाणारा रुग्ण पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ आणि पेण ही गावे मागे टाकीत पनवेलकडे जातो. रोहा हे कोलाडच्या पश्चिमेस, कुंडलिकेच्या काठी, ह्या मार्गापासून थोडे आत आहे. लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ साली आला व कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. त्यापूर्वी रुग्णास रस्त्यावाचून दुसरी गती नव्हती. पेण आणि रोहा ही वाटेवरची गावे, महाड व पोलादपूर ही वाटेच्या टोकाची. पेणच्या वा रोह्याच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला जातो, तेव्हा त्या आलेखास विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा रोगाच्या नावाचा नसतो. हा मनुष्य पुढील प्रवास सोसेल काय, हा तो प्रश्न असतो. आणि जेथून पुढे पाठविणे शक्यच नसते तेथे तोच प्रश्न वेगळे रूप घेतो : हा मनुष्य पहाटेपर्यंत येथेच कसा राखावा?

यंत्राची हकीकत थोडक्यात सांगता येते. मानवी हृदयाच्या विद्युत्क्रियेचा आलेख लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर ह्यांनी १८८७ साली प्रथम काढला. त्यास खरी उपयुक्तता आली ती लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या तंतु-गॅल्व्हानोमीटरमुळे, आणि त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. त्याचे विद्युत्चुंबक पाण्याने थंड ठेवावे लागत, रुग्णास हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. आइन्थोव्हेन ह्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या पाचांचे झाले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र १९०५ सालची घटना अधिक महत्त्वाची आहे. यंत्र हलविणे अशक्य असल्यामुळे रुग्णालय ते प्रयोगशाळा अशा सुमारे दीड किलोमीटर अंतरावर दूरध्वनीच्या तारेने हृदयाचे स्पंदन पाठविण्यात आले. रुग्ण एकीकडे आणि त्याचे हृदय वाचणारा दुसरीकडे, ही व्यवस्था म्हणजे अलीकडची नवलाई नव्हे. ह्या विद्येच्या बाल्यावस्थेतच ती जन्मास आली होती.

मराठीत ह्या आलेखास 'विद्युत् हृल्लेख' असे भारदस्त नाव देण्यात आले. व्यवहारात ते कोणी स्वीकारले नाही. लोक 'कार्डिओग्राम काढला' म्हणाले, पुढे 'ईसीजी' म्हणू लागले. 'काढणे' हे क्रियापद मात्र दोन्ही वेळा टिकले, आणि ते अर्थपूर्ण आहे. फोटो काढावा तसा हा आलेख काढला जाई. प्रारंभीच्या यंत्रांत तर तो खरोखरच प्रकाशचित्रणाच्या कागदावर उमटे व अंधाऱ्या खोलीत धुवावा लागे. पुढे विद्युदग्रांच्या जागा ठरून बारा आलेखांची पद्धत रूढ झाली. कागदाचा वेग सेकंदास २५ मिलिमीटर आणि एक मिलिव्होल्टास १० मिलिमीटर उंची हे प्रमाण सर्वत्र मान्य झाले. त्यामुळे कागदावरील एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, हे गणित कोठेही तेच राहते. ह्या प्रमाणबद्धतेचा सारा भार तंत्रज्ञाच्या हातावर असतो. उजव्या व डाव्या हाताच्या तारा एकमेकींच्या जागी लागल्या तर पहिला आलेख उलटा उमटतो आणि निरोगी मनुष्याचे हृदय उजवीकडे असल्याचा भास होऊ शकतो. चूक डॉक्टरच्या वाचनात दिसते, पण तिचा उगम खाटेशी असतो.

येथवर आलेख हा क्षणाचा होता. त्याचा पहारा झाला तो १९६१ च्या सुमारास. त्या वर्षी डेस्मंड ज्युलियन ह्यांनी 'लॅन्सेट'मध्ये असे सुचविले की, हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण एकत्र ठेवावेत, त्यांच्या हृदयाचा आलेख अखंड चालू ठेवावा, ठोके बिघडताच इशारा व्हावा आणि प्रशिक्षित माणसे सदैव हजर असावीत. पुढील वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे ह्यूज डे ह्यांनी तसा कक्ष उघडला. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर ह्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि डॉक्टरची वाट न पाहता विद्युत्धक्का देण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. हृदय थांबल्यावर हाती असलेला अवधी काही मिनिटांचा असतो. त्यामुळे जो समोर बसला आहे त्यालाच निर्णय घ्यावा लागतो, ही गोष्ट तेथे प्रथम मान्य झाली. हृदयनिरीक्षण तंत्रज्ञाच्या आजच्या कामाची वंशावळ सामान्यतः येथून सांगितली जाते.

त्याच १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंडले ह्यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साठून होणारी अवस्था. ज्युलियन ह्यांच्या लेखाची कीर्ती झाली, ह्या टिपणाची फारशी झाली नाही. परंतु कोकणातील हृदयनिरीक्षणाच्या इतिहासाचा आरंभ शोधावयाचा तर तो येथे शोधला पाहिजे.

कोकणात विंचवाचे दोन प्रकार लोकांस चांगले ठाऊक आहेत. मोठा काळा विंचू दिसण्यास भयंकर असतो, पण त्याच्या दंशाने बहुधा जागेवरच्या वेदनेपलीकडे काही होत नाही. लहानखुरा लाल विंचू हा घातक. त्याचे विष मज्जातंतूंना अतिरेकी चेतना देते व शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. १९६१ ते १९८३ ह्या काळात पश्चिम भारतातील अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के दगावत, असे नमूद आहे. भाताचा पेंढा, लाकडांची रास, जांभ्याच्या भिंतीची फट ही त्याची ठिकाणे. दंश होई तो शेतकऱ्यास, मजुरास आणि फार वेळा मुलास.

ह्या दंशाविषयीची लोकांची समजूत भाषेत साठलेली आहे. विंचू 'चढतो' आणि 'उतरतो'. म्हणजे वेदना अवयवातून वर चढते व उतरविणाऱ्याच्या मंत्राने खाली येते. वेदना उतरली की रुग्ण बरा, हा त्यातील सिद्धान्त होय. काळ्या विंचवापुरता तो खोटा ठरत नसे, आणि म्हणूनच तो टिकला. लाल विंचवाच्या बाबतीत मात्र तो प्राणघातक होता. ज्या रुग्णाच्या हृदयावर विषाचा आघात झालेला असतो त्यास दंशाच्या जागी बहुधा फारशी वेदना नसते. त्यास वांत्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. घरची माणसे विंचू उतरला म्हणून निश्चिंत होत, आणि काही तासांनी मुलाच्या तोंडाला फेस येई.

१९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर ह्यांच्यासमोर हे मृत्यू घडत होते. अखंड आलेख दाखविणारा पडदा तेथे नव्हता. होते ते रक्तदाब मोजण्याचे साधन, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि कागद. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि तासातासाने काय घडते ते लिहीत गेले. ह्या नोंदींतून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लाल विंचवाच्या दंशात हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. यंत्राच्या इशाऱ्याचे जे कार्य तेच ह्या लक्षणांचे होते, फरक इतकाच की इशारा देणारा व ऐकणारा दोन्ही माणसेच होती.

उपचाराची निवडही ह्या परिस्थितीनेच ठरविली. पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते कोकणात परतले तेव्हा रक्तवाहिन्या शिथिल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी प्रथम वापरले. ते औषध गुणकारी आहे, परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. अतिदक्षता विभागावाचून ते देणे धोक्याचे. म्हणून तोच परिणाम पोटात घेण्याच्या गोळीने साधणारे प्राझोसिन त्यांनी निवडले. त्यावरील लेख 'लॅन्सेट'ने १९८६ साली छापला. १९८४ नंतर, म्हणजे ह्या औषधाचा वापर सुरू झाल्यावर, मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. ह्या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहभागी होत्या, आणि अनेक लेखांवर दोघांचीही नावे आहेत. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर ह्यांना पद्मश्री मिळाली.

सामान्यतः ही कथा एका औषधाच्या शोधाची म्हणून सांगितली जाते. ते अपुरे आहे. गोळीबरोबर एक वेळापत्रकही आले आणि त्याशिवाय गोळी निरुपयोगी होती. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब व श्वास पाहावा. पुढील सहा तास दर तासाने. त्यानंतर सुधारणा होईपर्यंत दर चार तासांनी. गोळी दर तीन तासांनी पुन्हा द्यावी, ती हातपाय कोरडे व उबदार होईपर्यंत. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी घसरण्याचा संभव असल्याने रुग्णास आडवेच ठेवावे. मुलास आईने कडेवर उचलून घेऊ नये. हृदयनिरीक्षण कक्षाचे जे नियमपत्रक असते त्याच्याशी हे सूत्र ताडून पाहिल्यास सांगाडा एकच असल्याचे दिसते. कॅन्सस सिटीत पडद्याने जे केले ते महाडकडे पावलाला लावलेल्या हाताने केले. आणि उबदार पाऊल हे काही पडद्याची उणीव भरून काढणारे दुय्यम लक्षण नव्हे. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या किंवा नाही हे विद्युत् हृल्लेख सांगूच शकत नाही. तो हृदयाच्या विद्युत्क्रियेची वार्ता देतो, रक्ताच्या वाटचालीची नव्हे.

यंत्राचीही ह्या रुग्णापुढे अडचण होते, ती अगदी साधी आहे. विद्युदग्र त्वचेस चिकटले तर रेषा येते, आणि लाल विंचवाच्या रुग्णाची त्वचा घामाने निथळत असते. कोकणातील मे महिन्याच्या दमट हवेत त्यात भरच पडते. त्वचा पुसावी, छातीवरील केस काढावेत, पुन्हा चिकटवावे, पुन्हा निसटावे, हा क्रम चालू राहतो. निसटलेल्या तारेची सपाट रेषा थांबलेल्या हृदयासारखी दिसते. थंडी भरून कापणाऱ्या रुग्णाची थरथर प्राणघातक बेतालतेसारखी दिसते. अशा वेळी जाणता तंत्रज्ञ प्रथम रुग्णाकडे पाहतो, मग पडद्याकडे. तो बोलत आहे काय, नाडी लागते काय? येथे तंत्रज्ञ पुन्हा बिरवाडीच्याच पद्धतीवर येतो, मग त्यास तिचा इतिहास ठाऊक असो वा नसो.

पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालये ह्या वाटेवर आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू झाली व तिच्यातील प्रगत गाड्यांत हृदयाचा पडदा आणि विद्युत्धक्का देण्याचे साधन आले. तेव्हापासून पहारा खाटेवरून उठून रस्त्यावर चालू लागला असे म्हणता येईल. महाड येथे झालेल्या आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या ७० रुग्णांच्या तुलनात्मक परीक्षेत प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत, तर केवळ प्राझोसिन दिलेले १७.७ तासांत बरे झाल्याचे आढळले. औषधशास्त्राच्या दृष्टीने हा प्रतिविषाचा गुण आहे. रात्रपाळीस एकच माणूस असलेल्या रुग्णालयाच्या दृष्टीने पाहिले तर जागरण निम्म्याहून अधिक कमी झाले. कायद्याने ह्या कामाची दखल त्याहूनही उशिरा घेतली. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी आयोग स्थापणारा केंद्रीय अधिनियम २०२१ साली झाला, आणि त्याच्या अनुसूचीत ईसीजी तंत्रज्ञाचा व्यवसाय नावानिशी आला.

इतिहासाच्या अभ्यासकास आता एका व्यावहारिक अडचणीचा विचार करावा लागेल. दर अर्ध्या तासाच्या नोंदी कोणाच्या हातच्या होत्या, हे छापील लेखांवरून कळत नाही. ते कळेल तर रुग्णपत्रिकांवरील अक्षरावरून व आद्याक्षरांवरून. ह्या पत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्यात येतात. आलेखांची स्थिती तर त्याहून नाजूक आहे. आइन्थोव्हेन ह्यांच्या काळातील प्रकाशचित्रित आलेख शंभर वर्षांनंतरही वाचता येतात. नंतरच्या यंत्रांत वापरला जाणारा उष्णतेने उमटणारा कागद मात्र ऊन, उष्मा व दमट हवा सोसत नाही, आणि जपून ठेवण्याच्या हेतूने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर कित्येकदा अधिकच लवकर फिका पडतो. पट्टीवर अखेर उरतात ते छापील चौकोन आणि कोपऱ्यात तंत्रज्ञाने शाईच्या लेखणीने लिहिलेले रुग्णाचे नाव, तारीख व वेळ.