आग्र्याचा लाल ताज आणि आपली असई

आपल्याकडून आग्र्याला जाणारा माणूस काय करतो? ताजमहाल पाहतो, किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या सुटकेची आठवण काढतो, पेठ्याचे दोन डबे घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. त्याच शहरात आणखी एक ताज आहे. लहान, लाल दगडाचा. तो एका डच माणसाच्या कबरीवर उभा आहे आणि त्याच्या शिलालेखात दौलतराव शिंद्यांचं नाव कोरलेलं आहे.

मागच्या हिवाळ्यात भुसावळहून पंजाब मेलनं गेलो तेव्हा मी मुद्दाम वेळ काढून तिथं गेलो. भगवान टॉकीजजवळची ही जुनी कॅथलिक दफनभूमी. रिक्षावाल्याला ‘लाल ताजमहल’ म्हटलं की कळतं. आत शिरल्यावर आपण ख्रिस्ती दफनभूमीत आलोय हे पटकन लक्षातच येत नाही. घुमट, कमानी, छत्र्या, सगळा थाट मोगली.

अकबराच्या दरबारात 1580 ला जेझुइट पाद्री आले. आर्मेनियन व्यापारी आग्र्यात राहत होते. त्यांची माणसं मेली की ती इथेच पुरली. जॉन मिल्डनहॉल नावाचा इंग्रज व्यापारी 1614 ला अजमेरला वारला आणि त्यालाही इथे आणून पुरलं. भारतातल्या इंग्रजांच्या सगळ्यात जुन्या कबरींत तिची गणती होते.

जरा पुढे वॉल्टर राइनहार्टची आठकोनी कबर आहे. लोक त्याला समरू म्हणत. 1763 ला मीर कासिमच्या हुकमानं पाटण्यात इंग्रज कैद्यांची कत्तल करणारा हाच. 1778 ला आग्र्यात मेला. त्याची फौज आणि सरधन्याची जहागीर त्याच्यामागं बेगम समरूनं सांभाळली. तिच्या पलटणी पुढे आपल्याच भागात येऊन गेल्या, ते खाली सांगतो.

आता लाल ताजाकडे. जॉन विल्यम हेसिंग मूळचा नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा. डच कंपनीचा शिपाई म्हणून 1752 ला सिलोनला आला. नंतर निजामाकडे राहिला आणि 1784 ला महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. 1785 ला आग्र्याचा किल्ला महादजींच्या हाती आला. पुढे इस्माईल बेगनं वेढा घातला तेव्हा लखबादादा लाड यांनी तो टिकवून धरला. त्याच धामधुमीत, 1787 ला, आग्र्याजवळच्या लढाईत हेसिंग जबर जखमी झाला. महादजी पुण्याला निघाले तेव्हा तो त्यांच्या सोबतच्या पथकाचा प्रमुख होता. महादजी 1794 ला वानवडीला वारले, तिथे त्यांची छत्री आहे. हेसिंग दौलतरावांकडे राहिला, कर्नल झाला आणि आग्र्याच्या किल्ल्याचा आणि शहराचा कारभार त्याच्याकडे आला. लांबलेल्या आजारपणानंतर 21 जुलै 1803 ला तो गेला. बायकोनं, ॲननं, आणि मुलांनी ही कबर बांधली. हा सगळा हिशेब त्या दगडावर इंग्रजीत कोरलेला आहे.

तारीख लक्षात ठेवा. जुलै 1803. पुढच्याच महिन्यात इंग्रज आणि शिंदे यांचं युद्ध पेटलं. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आग्र्याच्या किल्ल्यातल्या शिपायांचा गोऱ्या अंमलदारांवरचा विश्वास इतका उडाला की त्यांनी आपल्याच अंमलदारांना कोंडलं. त्यात हेसिंगचा मुलगा जॉर्जही होता. 18 ऑक्टोबरला किल्ला पडला.

तिकडे आग्र्याला हे चाललं होतं तेव्हा इकडे आपल्या उशाशी काय घडलं? 23 सप्टेंबर 1803 ला असई. जालना जिल्ह्यातलं गाव, आपल्या बुलडाण्याच्या वेशीजवळ. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली इथे लढला आणि त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली. शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख पोलमन नावाचा जर्मन होता. बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्याच बाजूला होत्या. मग 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, डिसेंबरात गाविलगड आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. नकाशा काढून बघा, असई आणि अडगाव यांच्या मधोमध आपलं नांदुरा येतं.

हे सगळं सांगायचं कारण एकच. हल्ली मोबाईलवर इतिहास येतो तो ‘आपले’ आणि ‘परके’ अशा दोन पोत्यांत भरून. शिंद्यांच्या कंपूत कवायत शिकवणारे युरोपियन होते, शिपाई बरेचसे अवध-रोहिलखंडाकडचे, हिंदू आणि मुसलमान. निशाण मात्र मराठ्यांचं. आग्र्याचा तो ख्रिस्ती कर्नल कोणाचा म्हणायचा? त्याच्या कुटुंबानं दगडावर उत्तर कोरून ठेवलंय, शिंद्यांचा.

पण मला तिथं उभं राहून वेगळंच टोचलं. कर्नलला ताज मिळाला. महिन्याच्या पगारावर असईला येऊन मातीत गेलेल्या शिपायाला कोणी दगड लावायचा? त्याच्या घरी, तिकडे अवधात, निरोप तरी कधी पोचला असेल?

त्या कबरीला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. आपल्या गावाबाहेरच्या समाध्या, वीरगळ, जुनी कब्रस्तानं यांना कोण वाली आहे? रस्ता रुंद करताना एक जेसीबी आला की विषय संपला. दगड गेला की त्याच्याखालचा माणूस दुसऱ्यांदा मरतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या शिवारात असं जुनं काही असेल तर फोटो काढा, अक्षरं दिसत असतील तर उतरवून घ्या, ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी असई किंवा अडगावच्या लढाईचं काही ऐकलं असेल, तर ते आताच विचारून ठेवा.