अंदमान गाळपाचर

अधोगामी भारतीय भूपट्टावरील गाळ खरवडला जाऊन बर्मा सूक्ष्मपट्टाच्या कडेला साचलेली खडकरास. अंदमान-निकोबार बेटे हा तिचा पाण्यावरील माथा (पहा : भूपट्ट सांरचनिकी).

भूपट्ट येथे तिरपा खाली जातो. वरचा गाळ सुटतो, चुरगळतो आणि पूर्वेकडे कललेल्या प्रणोद विभंगांवर कौलांप्रमाणे रचला जातो. नवा गाळ पश्चिमेच्या पायथ्याशी जोडला जात असल्याने पाचर समुद्राच्या दिशेने वाढते. वालुकाश्म व शेल यांच्यासोबत मुख्यतः पूर्व भागात सर्पेंटाइन, बेसाल्ट व चर्ट आढळतात. हे क्रिटेशस काळातील सागरी कवचाचे व प्रावरणाचे तुकडे होत (पहा : ओफिओलाइट). दाबाखालील पाणी व मिथेन वाट काढतात, तेथे बाराटांग बेटावर थंड, राखाडी चिखल बुडबुडत वर येतो. अशा जागांना ‘चिखल-ज्वालामुखी’ म्हणतात; त्यांचा लाव्हाशी संबंध नाही. खरा ज्वालामुखी पूर्वेकडील बॅरन बेटावर असून १९९१ पासून तो पुन्हा अधूनमधून जागृत होत आहे (पहा : ज्वालामुखी).

याच पट्टसीमेवर २६ डिसेंबर २००४ रोजी झालेल्या भूकंपात सुमात्रापासून अंदमानपर्यंत सु. १,३०० किमी. विभंग सरकला (पहा : त्सुनामी). वायव्य अंदमानचा किनारा उचलला जाऊन प्रवाळभित्ती उघड्या पडल्या. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक इंदिरा पॉइंट ४ मी.हून अधिक खचले.