सायकल ट्रॅक (बेंगळुरू)

सायकलस्वारांसाठी मोटारवाहतुकीपासून वेगळा काढलेला रस्त्याचा पट्टा. बेंगळुरूत असे पट्टे वेळोवेळी आखले गेले. आखण्यापेक्षा ते मोकळे राखणे कठीण ठरले.

जयनगर भागात 2012 च्या सुमारास आखलेले पट्टे बघता बघता मोटारी लावण्याची जागा झाले. रंगाची रेघ आणि फलक याखेरीज मोटारीला अडवणारे तिथे फारसे काही नव्हते. कोविडकाळात, 2020 मध्ये, बाह्य वर्तुळाकार मार्गावर सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या टापूत राज्याच्या नगर भू-परिवहन संचालनालयाच्या पुढाकाराने खांब रोवून पट्टा वेगळा काढण्यात आला. खांबांनी मोटारी थांबल्या, दुचाक्या थांबल्या नाहीत. पुढे मेट्रोच्या निळ्या मार्गाचे काम सुरू झाले आणि हा पट्टा बहुतांशी त्यात गेला. पुण्यातही स्वारगेट–कात्रज जलद बसमार्गाच्या (बीआरटी) जोडीने 2006 नंतर बांधलेल्या ट्रॅकवर टपऱ्या, राडारोडा आणि उभ्या गाड्या हेच दृश्य दिसत आले आहे.

दुचाकीचा प्रश्न भारतीय शहरांत सर्वांत बिकट आहे. स्कूटरची रुंदी सायकलपेक्षा थोडीच जास्त असते. त्यामुळे सायकल जाईल एवढे अंतर खांबांत ठेवले की स्कूटरही जाते, आणि अंतर कमी करावे तर तीनचाकी सायकल आणि चाकाची खुर्ची अडते. ट्रॅक रस्त्यापेक्षा काही सेंटिमीटर उंच बांधणे, चौकाच्या तोंडाशी वळण अरुंद ठेवणे आणि गर्दीच्या वेळी तिथे पोलीस उभा करणे, हे तिन्ही एकत्र केले तरच फरक पडतो. नुसत्या खांबांवर विसंबणे ही चूक आहे.

जुन्या पेठांत आधी जागेचाच प्रश्न येतो. बेंगळुरूतील चामराजपेट ही वस्ती 1892 मध्ये, म्हणजे मोटारी येण्याआधी आखली गेली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयार यांचे नाव तिला मिळाले. तिच्या काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर घरे, दुकाने आणि शाळा खेटून आहेत. के. आर. मार्केट जवळ असल्याने मालाच्या टेम्पोंची आणि रिक्षांची ये-जा मोठी. अशा ठिकाणी माल उतरवायची जागा आणि वेळ ठरवून न देता ट्रॅकवर टेम्पो लावणाऱ्याला दंड करणे अन्यायाचे आहे. त्याला दुसरीकडे उभे राहायला जागाच नसते. त्यापेक्षा आतल्या रस्त्यांवर मोटारींचा वेग कमी ठेवून सायकलींना त्याच रस्त्यावर निर्धास्त चालू देणे अधिक शहाणपणाचे.

अडथळा केवळ गाड्यांचा नसतो. पावसाळ्याआधी गटारांतून काढलेला गाळ कडेलाच रचला जातो आणि नेमका ट्रॅकवर येतो. वाळू, काचा आणि ओला पाला यांवर पातळ चाक घसरते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने असतील तर चाक त्यात अडकते. त्या आडव्या बसवल्या की धोका जातो. ही सुधारणा स्वस्त आहे, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. कोपनहेगनमध्ये हिवाळ्यात मुख्य सायकलमार्गांवरचा बर्फ प्राधान्याने काढतात. आपल्याकडे झाडलोटीच्या कामात ट्रॅकचा वेगळा उल्लेख असायला हवा, कारण उंच केलेल्या अरुंद पट्ट्यावर झाडणारे मोठे यंत्र चढत नाही आणि तो भाग हातानेच झाडावा लागतो.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा 1988 खालील 1989 च्या नियमांनी गणवेशातील पोलिसाच्या परवानगीशिवाय सायकल ट्रॅकवर वाहन चालवण्यास मनाई केली होती. त्यांची जागा 2017 च्या विनियमांनी घेतली आणि त्यांत ट्रॅकवर वाहन उभे करणेही मना आहे. अंमलबजावणी मात्र सलग होत नाही. बेंगळुरूत गाड्या उचलून नेण्याची कारवाई नागरिकांच्या तक्रारींनंतर फेब्रुवारी 2022 मध्ये थांबवली गेली. त्यातच ट्रॅक बांधणारी महापालिका वेगळी, दंड करणारे वाहतूक पोलीस वेगळे, पाणी आणि वीज यांसाठी रस्ता खणणारी मंडळे वेगळी. खणलेला ट्रॅक पूर्ववत करून घेण्याची जबाबदारी एका नावावर लिहिलेली नसली, की तो भाग महिनोन्‌महिने तसाच उखडलेला राहतो आणि सायकलस्वाराला बसच्या मार्गात उतरावे लागते.