'विलास'चा जुना अर्थ

'डॅलियन्स' हा इंग्रजी शब्द चौदाव्या शतकात निवांत, जिव्हाळ्याच्या संभाषणाचा वाचक होता. पुढे तो प्रणयचेष्टांसाठी रूढ झाला. मराठीतील 'विलास' मात्र प्रणयापासून दूर गेला.

नाट्यशास्त्रात नायिकेचे दहा स्वाभाविक अलंकार सांगितले आहेत. प्रियकर दिसताच तिची चाल, भुवया, नजर यांत उमटणारा मोहक बदल म्हणजे 'विलास'. त्याच लगबगीत दागिने भलत्याच जागी घालणे म्हणजे 'विभ्रम'.

कुही तालुक्यातील मांढळ येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले. माहाराष्ट्री प्राकृतातील 'सेतुबंध' हे काव्य परंपरेने त्याचेच. अशी काव्ये वाचताना हे अर्थ ध्यानी असावेत.

आज विलास म्हणजे चैन आणि विभ्रम म्हणजे भास. हेच अर्थ जुन्या काव्याला लावले, तर लाजरी नायिका चैनखोर ठरते.