वीज गेल्यावर रिलेने काय लक्षात ठेवावे?

सुरगाणा तालुका सह्याद्रीच्या उतारावर, गुजरातच्या सीमेला लागून आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, दोन्ही तिथे ठरलेले. अशा भागातल्या शाळेच्या टाकीला पंप जोडला, तर टाकी भरून पाणी वाया जाऊ नये म्हणून तो ठराविक वेळाने आपोआप बंद व्हावा, असे कोणालाही वाटेल. टायमर आणि लॅचिंग रिले यांच्या जोडीने हे काम होते. मंडल सोपे आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे: पंप चालू असताना वीज गेली आणि तासाभराने परत आली, तर काय व्हावे? याचे उत्तर विद्युत्‌चुंबकाच्या इतिहासात दडलेले आहे.

१८२५ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी नालाच्या आकाराच्या लोखंडी दांड्याभोवती तार गुंडाळून विद्युत्‌चुंबक तयार केला. प्रवाह सोडला की तो वजन उचलायचा, प्रवाह थांबला की वजन खाली पडायचे. नरम लोखंड चुंबकत्व चटकन घेते आणि चटकन सोडते. पोलाद ते धरून ठेवते. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री यांनी एका विद्युत्‌चुंबकाने दुसऱ्या, जबर प्रवाहाच्या मंडलाची जोडणी तोडून दाखवली. हा रिलेचा आरंभ. दुर्बळ प्रवाहाने बलवान प्रवाहाला हुकूम करायचा, ही कल्पना तारायंत्राला फार उपयोगी पडली. भारतात तारसेवा १८५५ मध्ये जनतेला खुली झाली.

पुढे तारायंत्रात ध्रुवित रिले आला. त्यात विद्युत्‌चुंबकाच्या जोडीला एक कायमचा चुंबक असतो. एका दिशेने प्रवाह गेला की रिलेची जीभ एका बाजूला जाते, उलट दिशेने गेला की दुसऱ्या बाजूला. तिची रचना तशी जुळवली, तर प्रवाह थांबल्यावरही ती शेवटच्या जागीच राहते. आजचा लॅचिंग रिले याच घराण्यातला. दाराची खिटी सरकवताना जोर लागतो. सरकवलेली खिटी तशीच राहायला काही लागत नाही.

यात वाचते किती? समजा, साध्या रिलेच्या वेटोळ्याला ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तो आठ तास चालू ठेवला तर ८६४ कूलोम विद्युतभार खर्च होतो. लॅचिंग रिलेला तेवढ्याच प्रवाहाचे एकदशांश सेकंदाचे दोन झटके पुरतात, एक चालू करण्यासाठी आणि एक बंद करण्यासाठी. खर्च ०.००६ कूलोम, म्हणजे सुमारे दीड लाख पटींनी कमी. स्मार्ट वीजमीटरमध्ये दुरून वीजपुरवठा तोडण्या-जोडण्यासाठी असाच रिले वापरतात.

आता टायमरकडे वळू. १९१८ मध्ये एकल्स आणि जॉर्डन या ब्रिटिश संशोधकांनी दोन निर्वात नलिका एकमेकींना अशा जोडल्या, की एक वाहती झाली की दुसरी बंद पडे आणि नवा झटका मिळेपर्यंत ही स्थिती टिके. हा फ्लिप-फ्लॉप. १९७१ मध्ये हान्स कॅमेनझिंड यांनी सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी ५५५ हा टायमर रचला. १९७२ मध्ये तो बाजारात आला. त्याच्या पोटातही एक फ्लिप-फ्लॉप आहे. बाहेरचा धारित्र रोधकातून भरत जातो. त्याचा दाब पुरवठ्याच्या दोनतृतीयांश झाला की फ्लिप-फ्लॉप उलटतो. लागणारा वेळ म्हणजे रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराची १.१ पट. १ मेगओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर ११० सेकंद; १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर ०.११ सेकंद.

एवढ्यावर आपले मंडल उभे राहते. वर्गात पंपाऐवजी १२ व्होल्टचा दिवा घ्यावा. पहिला ५५५ हा ११० सेकंदांचा. बटण दाबल्यावर त्याचे निर्गम वर जाते. त्या क्षणी लहान धारित्रातून मिळणारा झटका ट्रान्झिस्टरमार्फत रिलेच्या 'चालू' वेटोळ्याला द्यावा. वेळ संपून निर्गम खाली येते, तेव्हा दुसऱ्या धारित्रातून दुसरा ५५५ जागा होतो आणि ०.११ सेकंद 'बंद' वेटोळ्यात प्रवाह सोडतो. दोन्ही वेटोळ्यांवर उलटा डायोड हवाच. नाही तर प्रवाह तुटताना उठणारा उच्च दाब ट्रान्झिस्टर जाळतो.

पन्नासाव्या सेकंदाला वीज काढून पाहा. धारित्रातला भार आणि फ्लिप-फ्लॉपची स्थिती दोन्ही पुसली जातात. टायमर सारे विसरला; रिले काहीच विसरला नाही. वीज परत आली की दिवा लागतो. तो बंद करायची आठवण कोणाला राहिली नसेल, तर तो लागलेलाच राहतो. दिव्याच्या जागी पंप असेल तर टाकी वाहू लागते. पंप दुरुस्त करायला कोणी हात घातला असेल, तर जिवावर बेतते.

उपाय असा: वीज येताच सर्वांत आधी 'बंद'चा झटका मिळाला पाहिजे. दुसऱ्या टायमरच्या ट्रिगर पायाला वरच्या दाबाकडे रोधक आणि पहिल्याच्या निर्गमाकडे धारित्र जोडलेला असतो. पुरवठा सुरू होताना धारित्र रिकामा असल्याने तो पाय क्षणभर खालीच राहतो आणि झटका आपोआप मिळतो. मात्र पुरवठा सावकाश चढला तर हा झटका चुकू शकतो, म्हणून वीज दहा वेळा काढून-घालून खात्री करावी.

शेतकऱ्याच्या पंपाच्या स्टार्टरने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टर स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली की सुटतो आणि बटण पुन्हा दाबेपर्यंत बंद राहतो. हे विसरणे मुद्दाम योजलेले आहे. पण महाराष्ट्रात शेतीला अनेक वर्षे पाळीपाळीने रात्रीची वीज मिळत आली. अंधारात, सापकिरडातून विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकऱ्यांनी ऑटोस्विच बसवले. वीज आली की पंप आपोआप सुरू. गरज खरी होती. परंतु वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्याने रोहित्र जळते आणि सगळ्या शिवाराची वीज जाते. म्हणून ऑटोस्विच काढा, असे आवाहन महावितरण वारंवार करत आले आहे. प्रत्येक पंप वेगवेगळ्या विलंबाने सुरू करणारा टायमर हा यातला मधला मार्ग.

विद्यार्थ्यांकडून हे मंडल जोडून घेताना आधी तीन घरांचा एक तक्ता करायला सांगावा: वीज जाण्यापूर्वी, वीज नसताना, वीज आल्यावर. तिसरे घर भरल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री तापवू नये.